परसबागेतील उंच टोमॅटोला आधार आणि वळण



जुलैअखेर परसात लावलेली टोमॅटोची झाडे ऑक्टोबरच्या सुरुवातीस कमरेएवढी होतात. खालचे दोन-तीन घोस भरू लागतात. अशातच परतीच्या पावसाची एखादी जोरदार सर येते आणि सकाळी पाहावे तर झाडे आडवी झालेली असतात. मग घरभर काठ्यांची शोधाशोध होते. परंतु वाकलेले खोड उचलताना मोडते, काठी रोवताना मुळे तुटतात आणि मातीला टेकलेली फळे चार-सहा दिवसांत सडू लागतात. काठी दोन महिने उशिरा रोवली, एवढीच चूक झालेली असते.

आधाराचा विचार करण्यापूर्वी आपले झाड कोणत्या प्रकारचे आहे, हे पाहावे. टोमॅटोचे काही वाण झुडपी असतात. त्यांचा शेंडा फुलांच्या घोसात संपतो व वाढ आपोआप थांबते. ‘पुसा अर्ली ड्वार्फ’ हा असा वाण आहे. ‘पुसा रुबी’सारखे वाण मात्र वाढतच राहतात. बोराएवढ्या लहान फळांचे चेरी टोमॅटोही बहुधा याच प्रकारात मोडतात. दोन घोसांमध्ये साधारण तीन पाने सुटलेली दिसली, की झाड उंच जाणारे आहे असे समजावे. झुडपी वाणात हे अंतर एक-दोन पानांचेच असते. या लेखातील बगलफूट काढण्याची शिफारस फक्त उंच वाणांसाठी आहे. झुडपी वाणाच्या बगलफुटी काढल्यास उत्पादन घटते.

आधी काठी, मग रोप

दिवसातून किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. दोन झाडांत ४५ सें.मी. व दोन ओळींत ६० ते ७५ सें.मी. अंतर ठेवावे. रोप २५ ते ३० दिवसांचे असताना लावावे. लावताना खालची पाने काढून खोड थोडे खोल पुरावे, कारण टोमॅटोच्या पुरलेल्या खोडाला मुळे फुटतात व झाड घट्ट बसते.

रोप लावण्याच्या दिवशीच, त्यापूर्वी, काठी रोवावी. सात फूट लांबीचा, अंगठ्यापेक्षा जाड बांबू चांगला. पहारेने भोक पाडून तो दीड फूट खोल ठोकावा. जमिनीत जाणाऱ्या टोकाला डांबर लावल्यास वाळवीपासून बचाव होतो. कारवीच्या किंवा निरगुडीच्या वाळलेल्या काठ्याही चालतात. पांगारा किंवा शेवगा यांच्या ओल्या फांद्या वापरू नयेत. त्या फुटतात व टोमॅटोचेच अन्नपाणी घेतात. एका वर्षी मी स्वतः तुराट्यांवर भागवले. बहर भरात असताना एका झाडावर दोन-अडीच किलो फळांचे ओझे सहज असते. घोस भरले आणि तुराट्या बुडाशी मोडल्या, झाडेही गेली. तुराटी झुडपी वाणालाच पुरते.

बांधण्यासाठी जुन्या सुती साडीच्या चिंध्या उत्तम. सुतळी किंवा काथ्याही चालतो, तार मात्र खोडात रुतते. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फास करावा: एका वेढ्यात काठी, दुसऱ्या वेढ्यात खोड. खोडाकडील वेढा बोट जाईल इतका सैल ठेवावा आणि तो पानाच्या देठाखाली घ्यावा, फुलांच्या घोसाखाली घेऊ नये. दर वीतभर वाढीनंतर नवीन बांधणी करावी. झाडे एका ओळीत दहा-बारा असतील, तर दोन टोकांना खांब रोवून वर तार ताणावी व प्रत्येक झाडासाठी सुतळी खाली सोडावी. गच्चीवरील कुंडीत काठी नीट उभी राहत नाही. तेथे कठड्याला किंवा गजाला बांधलेली सुतळीच सोयीची.

बगलफूट काढणे

पान आणि खोड यांच्या बेचक्यातून येणारा फुटवा म्हणजे बगलफूट. ती दोन-तीन इंचांची असताना सकाळी बोटांनी खुडावी. जखम दिवसभरात सुकते. पहिल्या घोसाच्या लगेच खालची एक फूट राखून झाड दोन खोडांवर वाढवावे, असे आमचे मत आहे. एका खोडावर फळे मोठी मिळतात, पण पाने कमी राहिल्यामुळे आपल्याकडील उन्हात फळांवर पांढरट चट्टे पडतात. त्याच कारणासाठी वरची पाने ओरबाडू नयेत. फक्त जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची पाने टप्प्याटप्प्याने काढावीत. पावसाच्या थेंबांबरोबर उडणाऱ्या मातीतून करप्याचे बीजाणू प्रथम तेथेच पोहोचतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते. तंबाखू मळलेल्या हाताने झाडाला स्पर्श करू नये. तंबाखूतील मोझॅक विषाणू टोमॅटोलाही लागतो आणि त्यावर औषध नाही. साबणाने हात धुऊनच खुडणी करावी.

काढलेली जोमदार बगलफूट फेकू नये. वीतभर लांबीची फूट ओल्या मातीत सावलीला खोचल्यास आठ-दहा दिवसांत मुळे धरते व फुकटचे रोप मिळते.

पाणी आणि फूलगळ

पाणी बुडाशी द्यावे, पानांवर मारू नये. बुडाशी उसाच्या पाचटाचा किंवा पालापाचोळ्याचा थर द्यावा. चार दिवस कोरडे ठेवून एकदम भरपूर पाणी दिल्यास फळे तडकतात. ओलीत असा चढउतार झाला की फळाला चुना पुरेसा पोहोचत नाही आणि त्याचा खालचा भाग काळा पडतो. हा रोग नव्हे. त्यासाठी फवारणीचा खर्च करू नये.

दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर जाऊ लागले की फूलगळ वाढते. अशा वेळी युरिया देण्याचा मोह टाळावा. त्याने पाला तेवढा वाढतो. थंड हंगामात सकाळी नऊ-दहाच्या सुमारास काठीवर हलकेच टिचकी मारावी. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते आणि या कंपनाने पराग चांगला झडतो.

झाड काठीच्या टोकाला पोहोचले की शेवटच्या घोसावर दोन पाने राखून शेंडा खुडावा. उन्हाळा लागताच राहिलेली मोठी हिरवी फळे तोडून घरात टोपलीत ठेवावीत, ती पिकतात. लहान फळांची चटणी करावी. काठ्या उपटून, धुऊन, कडक उन्हात वाळवाव्यात आणि पडवीच्या आढ्याला बांधून ठेवाव्यात.