बारा दिवसांची गाणी, वर्षभराची निगा

अगं, नाताळच्या रेकॉर्ड आणि सीडी जमवायचं मनावर घेतलं आहेस ना, मग एक गोष्ट आधी ऐक. बाकीचं सगळं तिच्या मागून येतं. सिनेमाच्या गाण्यांची रेकॉर्ड वर्षभर वाजते आणि सुईखाली झिजते. नाताळची रेकॉर्ड डिसेंबरात काही दिवस वाजते आणि उरलेले अकरा महिने कपाटात पडून राहते. तिचं नुकसान सुई कमी करते, कपाट जास्त. त्यात आपण बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात राहणारी माणसं, उल्हास नदी हाकेच्या अंतरावर. जून ते सप्टेंबर इथे चामड्याच्या चपलांनासुद्धा बुरशी धरते. तेव्हा ऐकणं डिसेंबरात असलं, तरी या छंदाची कसोटी पावसाळ्यात लागते.

आणि आपल्या घरात नाताळ नव्हता म्हणून अजिबात बिचकू नकोस. ‘व्हाइट ख्रिसमस’ हे जगभर वाजणारं गाणं लिहिणारे अर्व्हिंग बर्लिन ज्यू होते. बिंग क्रॉस्बींनी ते १९४२ मध्ये ध्वनिमुद्रित केलं. त्याच्या प्रती इतक्या काढाव्या लागल्या की मूळ मुद्रणच झिजलं आणि १९४७ मध्ये त्यांना ते पुन्हा गावं लागलं. गाणं मनापासून ऐकणाऱ्याचं होतं, त्याला दाखला लागत नाही.

पहिली रेकॉर्ड कोणती घेऊ, असं विचारशील तर जिम रीव्ह्जची ‘ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस’. १९६३ ची. पुढच्याच वर्षी विमान अपघातात तो गेला, पण मुंबई-गोव्याच्या ख्रिस्ती घरांत त्याचा तो मऊ, घाई नसलेला आवाज पिढ्यान्‌पिढ्या राहिला. त्याच्या रेकॉर्ड आपल्याकडे पुष्कळ खपल्या, म्हणून जुन्या बाजारात त्या अजून हाती लागतात.

यातलं एक गाणं धरून पुढे जा. ‘मेरीज बॉय चाइल्ड’ जेस्टर हेअरस्टन यांनी १९५६ मध्ये लिहिलं आणि त्याच वर्षी हॅरी बेलाफॉन्टेंनी गायलं. रीव्ह्जच्या रेकॉर्डवर ते आहे. १९७८ मध्ये बोनी एम.नं त्याला नाचता ठेका दिला आणि आपल्याकडे डिसेंबरात दुकानादुकानांत वाजतं ते हेच. तिन्ही एकापाठोपाठ लावून बघ. बेलाफॉन्टे गोष्ट सांगतो, रीव्ह्ज बाळाला थोपटतो, बोनी एम. सगळ्या गल्लीला गोळा करते. संग्रह करण्यातला आनंद मला तिथे सापडतो. कपाटात शंभर रेकॉर्ड असण्यापेक्षा एकाच गाण्याची तीन रूपं कानात असणं जास्त मोलाचं.

मग हळूहळू पसारा वाढव. एला फिट्झगेराल्डची १९६० ची नाताळची रेकॉर्ड, नॅट किंग कोल, फिल स्पेक्टरची १९६३ ची ‘अ ख्रिसमस गिफ्ट फॉर यू’. शब्दांचा कंटाळा आला तर व्हिन्स ग्वाराल्डीचा १९६५ चा ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ घे, त्यातला पियानो संध्याकाळी लावावा असाच आहे. हँडलचा ‘मसाया’ मात्र सीडीवर घे. १७४२ मध्ये डब्लिनला तो पहिल्यांदा सादर झाला, तोही एप्रिलात, ईस्टरच्या सुमारास. नाताळशी त्याचं नातं नंतर जुळलं. अडीच तासांच्या आसपासची ती रचना एलपीवर तीन-तीन रेकॉर्ड खाते आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठून बाजू पालटावी लागते. सीडीवर दोन चकत्यांत काम होतं.

आपल्या भाषेतलंही शोध बरं का. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं, म्हणजे ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत येऊन चारशे वर्षं झाली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि मराठी उपासनेला अभंगाची, भजनाची चाल दिली. त्यांची पदं आजही मराठी चर्चमध्ये गातात. ही मराठी आणि कोकणी नाताळगीतं एलपीपेक्षा कॅसेट आणि सीडीवर जास्त भेटतील. वसईच्या चर्चच्या आवारात, वांद्र्याच्या ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत, गोव्यात गेलीस तर तिथे विचार. अशा सीडी थोड्याच निघतात आणि संपल्या की पुन्हा निघतीलच असं नाही. दिसली की घेऊन टाक. जिम रीव्ह्ज पुढच्या वर्षीही मिळेल.

जुन्या रेकॉर्डसाठी चोर बाजार. तिथे जायला सँडहर्स्ट रोडला उतरायचं, पण आपली फास्ट लोकल तिथे थांबत नाही, भायखळ्याला उतरून स्लो धर. माहीमला ‘द रिव्हॉल्व्हर क्लब’मध्ये नव्या रेकॉर्ड आणि प्लेअर बघायला मिळतात. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, तिथे उभं राहून ऐकून मग विकत घ्यायची जी चैन होती, ती आता आपल्या डोळ्यांनीच भरून काढायची.

ती अशी. रेकॉर्ड कव्हरमधून पूर्ण बाहेर काढ, कडेला आणि लेबललाच हात लाव. आधी लेबल वाच, कारण कव्हर एकाचं आणि आत रेकॉर्ड भलतीच, हे सर्रास असतं. मग मधल्या भोकाभोवती बघ. प्लेअरची खुंटी शोधताना लेबलवर केसासारखे बारीक चरे उमटतात. ते दाट असतील तर रेकॉर्ड खूप वाजलेली, लेबल स्वच्छ असेल तर कमी. नाताळच्या रेकॉर्डचं लेबल पुष्कळदा छान स्वच्छ मिळतं आणि इथेच माणूस भुलतो, कारण कपाटात झालेलं नुकसान लेबल सांगत नाही. आता रेकॉर्ड डोळ्यांच्या रेषेत आडवी धर, वाकली आहे का ते कळेल. मग उजेडात तिरकी कर. धूळ आणि बोटांचे ठसे धुतले की जातात. पांढुरके, जाळीदार ठिपके म्हणजे बुरशी. वरवरची असेल तर निघते, पण तिनं पृष्ठभाग खाल्ला असेल तर धुतल्यावरही खरखर राहते. चरा दिसला तर नखाचा पाठचा भाग अलगद फिरव. नख अडलं तर सुईही अडणार.

सीडी उजेडासमोर धर. सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर ठेवून दे. लक्षात असू दे, सीडीचा चकाकता थर छापील बाजूला, लेबलच्या लगेच खाली असतो. म्हणून त्या बाजूला चरा पडणं जास्त घातक. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही.

प्लेअर घेताना सूटकेससारख्या दिसणाऱ्या स्वस्त खेळण्यावर जाऊ नकोस. त्यातल्या बऱ्याच प्लेअरच्या सुईचा भार चार-पाच ग्रॅमच्या घरात असतो, बऱ्या कार्ट्रिजचा दीड ते दोन. पैसे साठव, थांब, तोवर सीडी ऐक. जुनी ७८ ची तबकडी हाती आली तर तिला एलपीची सुई लावू नकोस, तिच्या रुंद खाचेला जाड सुई लागते. आणि तिला स्पिरिटनं कधीच पुसू नकोस. ती लाखेची असते, स्पिरिटमध्ये लाख विरघळते.

आता आपल्या घराचं. रेकॉर्ड उभ्याच ठेवायच्या, एकमेकींना टेकून पण दाबून नाही. थप्पी लावली की खालच्या वाकतात. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको, माळा तर नकोच. उन्हाळ्यात पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली विनाइल मऊ पडतं. आतलं जुनं कागदी पाकीट ओल धरतं, ते बदलून प्लास्टिकचं घाल. जुनं पाकीट छापील असेल तर ते वेगळं जपून ठेव. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि पावसाळ्यात ऊन पडेल त्या दिवशी कपाट तासभर उघडं टाक. गणपती गेले की सगळ्या रेकॉर्ड एकदा बाहेर काढून बघ. तेव्हा दिसलेली बुरशी ऊर्ध्वपातित पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून मऊ कापडानं निघते. लेबल भिजू द्यायचं नाही, साध्या ऊर्ध्वपातित पाण्यानं पुन्हा पुसून उभी वाळवायची. डिसेंबरपर्यंत थांबलीस तर बुरशीला आणखी तीन महिने मिळतात.

आणि खालचा कप्पा रिकामा ठेव. २६ जुलै २००५ चा पूर आपल्याकडे कुणी विसरलेला नाही. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, तेव्हा नदीकाठच्या आपल्या भागातही पाणी आलं होतं. तळमजल्यावर असशील तर रेकॉर्ड छातीच्या उंचीच्या वरच हव्यात. तरीही भिजल्याच, तर रडत बसू नकोस. पुराचं पाणी रेकॉर्डला लगेच मारत नाही, गाळ वाळून बसला की मारतो. कव्हरमधून लगेच काढ, ओल्या असतानाच स्वच्छ पाण्यानं धू, सावलीत उभ्या वाळव. सीडीचंही तसंच, आतला कागद आधी बाहेर. कव्हर जाईल, गाणं वाचेल.

एवढं केलंस की डिसेंबर तुझा. सीडी स्वयंपाक करताना लाव, करंज्या तळताना ‘मसाया’ सुरू असू दे. एलपीला मात्र वेळ काढून बस. एक बाजू संपेपर्यंत फोन दुसऱ्या खोलीत. शेजारच्यांना बोलाव. ज्यांच्या घरी नाताळ असतो त्यांना जरूर बोलाव, कोणतं गाणं त्यांच्या घरी कोण गायचं ते विचार. त्या आठवणी कुठल्याच कव्हरवर छापलेल्या नसतात.

आणि २६ तारखेला आवरायला घेऊ नकोस. नाताळचे दिवस बारा, ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत. गोव्यात तो सण अजून थाटानं होतो. तोवर रोज एक बाजू ऐक. सात तारखेला प्रत्येक रेकॉर्ड पुसून, पाकीट तपासून ठेव आणि वहीत लिही, कुठे खरखर आली, कोणती धुवायची आहे, पुढच्या वर्षी काय शोधायचं. वर्षाला दोन-तीनच घेतल्यास तरी चालेल, पण घेतलेली प्रत्येक ऐकलेली असू दे. काही अडलं तर मला फोन कर, रेकॉर्ड धुवायला मी येते.