कोळ्याची आवडनिवड कशी ओळखावी?

घराच्या भिंतीवर किंवा खिडकीच्या गजावर तुटक तुटक चालणारा एक छोटा कोळी तुम्ही पाहिला असेल. बोट जवळ नेले की तो चटकन वळून बोटाकडेच पाहू लागतो. हा उडी मारणारा कोळी. साल्टिसिडी या त्याच्या कुलात ६,०००हून अधिक जाती आहेत. तो शिकारीसाठी जाळे विणत नाही. भक्ष्य शोधून, दबा धरून, झेप घालून पकडतो. मग समोर येईल ते तो खातो, की त्यालाही आवडनिवड असते?

डोळे आणि झेप

या कोळ्याला आठ डोळे असतात. बाजूचे डोळे हालचाल टिपतात. हालचाल दिसली की कोळी वळतो आणि पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांनी ती वस्तू न्याहाळतो. हे डोळे दुर्बिणीच्या नळीसारखे लांबट असतात. भिंग जागीच पक्के असते. हलते ते आतले दृष्टिपटल.

या दृष्टिपटलाला एकामागे एक चार थर असतात. त्यांपैकी सर्वांत आतल्या थरावर हिरव्या प्रकाशाची प्रतिमा स्पष्ट पडते, तर त्याच्या अलीकडच्या थरावर पुसट. वस्तू जितकी जवळ, तितकी ही दुसरी प्रतिमा अधिक पुसट. या पुसटपणावरून कोळी अंतर ओळखतो. ओसाका शहर विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये हे दाखवून दिले. आपल्याकडील घरांतही आढळणाऱ्या हॅसारियस अडान्सोनी या कोळ्याची झेप हिरव्या प्रकाशात अचूक पडे, पण लाल प्रकाशात तोकडी. कारण तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे: भिंगातून जाताना लाल प्रकाश हिरव्यापेक्षा कमी वळतो, त्यामुळे त्याची प्रतिमा अधिक मागे पडते आणि भक्ष्य आहे त्यापेक्षा जवळ भासते.

झेपेचे तंत्रही पाहण्यासारखे आहे. कोळ्याच्या पायांतील काही मुख्य सांधे दुमडायला स्नायू असतात, पण सरळ करायला नसतात. पायांतील द्रवाचा दाब एकदम वाढतो आणि पाय ताठ होतात. झेपेआधी कोळी एक रेशमी धागा मागे चिकटवून ठेवतो.

बाटलीतील निरीक्षण

रुंद तोंडाची काचेची बाटली घ्या. तोंडाला मलमलीचा तुकडा बांधा. आत एक काडी आणि पाण्याने ओला केलेला कापसाचा छोटा बोळा ठेवा. एका बाटलीत एकच कोळी ठेवावा. दोन ठेवल्यास एक दुसऱ्याला खाण्याचा संभव असतो. बाटली उन्हात ठेवू नये. पिकलेल्या केळ्यावर जमणारी चिलटे हे चांगले खाद्य होय. कोळी वळला का, दबा धरला का, किती अंतरावरून झेप घेतली आणि किती वेळ लागला, हे दर वेळी वहीत लिहा. आठवड्याभरानंतर कोळ्याला जिथून आणले तिथेच सोडा.

समजा, कोळ्याने चिलट खाल्ले आणि मुंगी सोडली. ‘त्याला चिलटे आवडतात’ असे लगेच लिहू नका. चिलट दिले तेव्हा तो तीन दिवसांचा उपाशी असेल आणि मुंगी दिली तेव्हा पोट भरलेले असेल. मुंगी आकाराने मोठी असेल. चिलट जास्त वळवळले म्हणून आधी दिसले असेल. कात टाकण्यापूर्वी तर कोळी रेशमी कोषात बसून राहतो आणि काहीच खात नाही. म्हणून भूक सारखी, भक्ष्याचा आकार सारखा, देण्याचा क्रम आलटूनपालटून आणि प्रयोग अनेक वेळा, एवढे पाळल्याशिवाय ‘आवड’ हा शब्द वापरता येत नाही.

डास निवडणारा कोळी

ही काळजी घेतली की काय हाती लागते, ते पाहा. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात एव्हार्का क्युलिसिव्होरा नावाचा कोळी राहतो. तेथे डासांसारखेच दिसणारे, पण न चावणारे किडे डासांपेक्षा कितीतरी अधिक असतात. तरीही हा कोळी रक्त प्यायलेली डासाची मादी निवडतो, असा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. भक्ष्याच्या हालचालीचा परिणाम वगळण्यासाठी संशोधकांनी मेलेले कीटक जिवंतपणी बसतात तशा स्थितीत चिकटवून कोळ्यापुढे ठेवले. काही प्रयोगांत भक्ष्य दिसू न देता केवळ त्याचा वास दिला. तेव्हाही निवड तीच! पुढे असेही आढळले की हिवताप पसरवणारा अ‍ॅनॉफिलीस डास हा कोळी त्याच्या पोट वर उचलून बसण्याच्या ढबीवरून ओळखतो.

म्हणून हा कोळी सोडला की हिवताप जाईल, असे मात्र नव्हे. एखादा प्राणी काय निवडतो हे कळणे वेगळे आणि त्यामुळे रोग कमी होतो हे सिद्ध होणे वेगळे. त्यासाठी निराळे पुरावे लागतात.

विचार करा

१. मेलेले चिलट केसाला चिकटवून हलवले, तर कोळी त्यावर झेप घेईल का? स्थिर ठेवले तर?

२. दोन चिलटे एकदम सोडली आणि कोळ्याने उजवीकडचे पकडले. यावरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही?

३. निळ्या प्रकाशात भक्ष्य कोळ्याला जवळ भासेल की दूर? प्रकाश किती वळतो यावरून तर्क करा.