पंखा फिरतो, पण हवा ओढत नाही

डक्टचा एक्झॉस्ट फॅन फिरतोय, तरी बाथरूममधली वाफ जात नाही? लगेच मोटर बदलू नका. जाळीला कागदाचा पातळ तुकडा लावा. चिकटून राहिला तर ओढ आहे. पडला, तर दार जरा उघडून पुन्हा बघा. आत हवाच येत नसेल तर पंखा बाहेर काय फेकणार? तरीही पडला, तर मेन स्विच बंद करून डक्ट तपासा. लवचीक पाइप बहुधा वळणावर चेपलेला असतो, नाहीतर बाहेरची झडप अडकलेली (कबुतराचं घरटंही निघतं!). पंखा नुसताच गुणगुणत असेल, तर कपॅसिटर किंवा बेअरिंग गेलं समजा. ते काम वायरमनचं, कारण वीज बंद केली तरी कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत तो लावूच नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.