युद्धबंद्याचे वस्त्र

सन १९१६, एप्रिलची २९ तारीख. तैग्रिस नदीच्या काठी कुत या गावी इंग्रजी सैन्याने तुर्कांपुढे शस्त्रे खाली ठेवली. जवळजवळ पाच महिने वेढा पडला होता आणि गावातील धान्य संपले होते. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांत बहुसंख्य हिंदी होते. १०३, ११० व ११७ या मराठा पलटणींचे शिपाईही त्यांत होते.

अधिकाऱ्यांना वेगळे नेण्यात आले. साध्या शिपायांना मात्र रखरखीत उन्हातून पायी चालावे लागले. भुकेने व्याकुळ झालेल्या कित्येकांनी थोड्याशा अन्नासाठी पायांतील बूट विकले, अंगावरचे कपडेही विकले. काहींचे कपडे वाटेत लुबाडले गेले. अनवाणी, फाटक्या वस्त्रांनिशी शेकडो मैल तुडवीत पुष्कळसे हिंदी शिपाई रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामावर पोहोचले. दिवसा ऊन भाजून काढी, हिवाळ्यातील रात्री थंडी सोसवत नसे. भूक, रोगराई आणि श्रम यांनी हजारो बंदिवानांचा अंत झाला.

त्या वेळी नियम नव्हता काय? होता. युद्धबंद्यांना अन्न, निवारा व वस्त्र आपल्या सैनिकांप्रमाणेच द्यावे, असे १८९९ मध्ये हेग येथील परिषदेत ठरले होते. परंतु तुर्की शिपायांपैकी पुष्कळांचेच कपडे फाटके होते. ज्याच्या स्वतःच्या पायांत धड जोडा नाही, त्याच्या बरोबरीने वागविल्याने बंदिवानाची थंडी कशी भागावी?

पुढे हा नियम सुधारण्यात आला. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार, पकडणाऱ्या राष्ट्राने बंदिवानास पुरेसे कपडे व पादत्राणे दिली पाहिजेत. ती तेथील हवामानास साजेशी हवीत. फाटल्यास दुरुस्त करून वा बदलून द्यावीत. बंदिवानाच्या अंगावरचे कपडे आणि त्याच्या हुद्द्याची चिन्हे कोणी हिरावून घेऊ नयेत. भारताने १९५० मध्ये या करारास मान्यता दिली.

या करारात वस्त्राविषयी आणखी एक तरतूद आहे. बंदिवानाने केवळ पळून जाण्यासाठी साधा नागरी पोशाख केला, तर त्यास शिस्तभंगाची शिक्षाच देता येते आणि ती तीस दिवसांहून अधिक नसते. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानच्या हाती सापडलेले भारतीय हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर व त्यांचे दोन सहकारी ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या छावणीतून पठाणी वेषात निसटले. अफगाण सरहद्द थोडक्या मैलांवर राहिली असता ते पकडले गेले. परंतु त्याच वर्षी, १ डिसेंबर रोजी, ते आपल्या इतर साथीदारांसह सुखरूप मायदेशी परतले.

शस्त्र खाली ठेवलेला सैनिक शत्रू असला, तरी माणूसच असतो. त्यास वस्त्र देणे हे दान नव्हे. ते कर्तव्य होय.

शब्दार्थ : युद्धबंदी – युद्धात पकडलेला सैनिक, पलटण – सैन्याची तुकडी, पादत्राण – जोडा, तरतूद – आधी करून ठेवलेली व्यवस्था, मायदेश – आपली जन्मभूमी.

स्वाध्याय
१. कुत येथील शिपायांवर बूट विकण्याची वेळ का आली?
२. १८९९ च्या नियमात कोणती उणीव होती? ती १९४९ मध्ये कशी भरून काढली?
३. 'दान' आणि 'कर्तव्य' यांतील भेद उदाहरण देऊन सांगा.