टमाट्याची पानं पिवळी का पडतात?

(इयत्ता ४ थी, परिसर अभ्यास)

टमाटा हे आपल्या निफाड तालुक्यातले मोठे पीक आहे. कांदा आणि द्राक्षांसारखी टमाट्यावरही पुष्कळ घरं चालतात. टमाटे २०-२० किलोच्या जाळ्यांत भरून पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जातात. टमाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पण आता आपल्या भाजीत तो रोज लागतो.

आमच्या वर्गाने ओट्यावर ६ झाडं लावली आहेत. दोन मातीच्या कुंडीत आणि चार तेलाच्या १५ किलोच्या रिकाम्या डब्यांत. टमाटे आले की शाळेच्या खिचडीत घालायचे असं ठरलं आहे. दिवाळीनंतर ३ झाडांची पानं पिवळी पडू लागली. कोणी म्हणालं पाणी घाला, कोणी म्हणालं खत घाला. गुरुजी म्हणाले, "ताप आला म्हणजे एकच रोग झाला असं असतं का? मग पान पिवळं झालं म्हणजे एकच रोग कसा? आधी नीट बघा, मग औषध." म्हणून आम्ही बघितलं. तिन्ही झाडांची कारणं वेगवेगळी निघाली.

पान हिरवं कशामुळे असतं?

पानात हरितद्रव्य असते. त्याच्यामुळे झाड उन्हात आपले अन्न तयार करते. हरितद्रव्य तयार करायला नत्र, मॅग्नेशियम आणि लोह लागते. यातलं काही कमी पडलं की पान पिवळं होतं. मुळं आजारी असली तर खत असूनही ते वर जात नाही, तेव्हाही पान पिवळंच होतं.

पहिलं झाड : पाणी जास्त

याची पानं पिवळी आणि मऊ होऊन लोंबत होती. पाणी कमी पडलं असेल असं वाटत होतं. पण बोटाची दोन पेरं मातीत घातली तर खाली चिखल होता आणि वास येत होता. डबा तिरका करून बघितला तर बुडाचं भोक मातीने बुजलं होतं. मुळांना हवा सुद्धा लागते. पाणी साचलं की मुळं गुदमरतात आणि कुजतात.

उपाय : खिळ्याने भोक मोकळं केलं, आणखी चार भोकं पाडली आणि डबा दोन विटांवर ठेवला. माती दोन पेरं सुकेपर्यंत पाणी बंद. दहा दिवसांनी शेंड्याला नवीन हिरवी पानं आली.

दुसरं झाड : नत्र कमी

याला फळं पुष्कळ होती. खालची पानं सगळीच्या सगळी पिवळी, शिरासुद्धा पिवळ्या. वरची पानं मात्र हिरवी. असं का? घरात भाकरी कमी असली तर आजी आधी लहानांना वाढते, स्वतः मागून खाते. झाडही तसंच करतं. जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानांना देतं. डब्यात माती थोडी, म्हणून खत लवकर संपतं.

उपाय : दोन मुठी गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, दर १५ दिवसांनी. युरिया डब्यात घालू नये. थोडासा जास्त झाला तरी मुळं करपतात.

तिसरं झाड : बोकड्या

याची शेंड्याची पानं बारीक, कडेने पिवळी आणि वाटीसारखी वर वळलेली होती. फुलं गळत होती. झाड हलवलं की पानाखालून पांढऱ्या माश्या उडायच्या. हा विषाणूचा रोग आहे. पांढरी माशी रोगट झाडाचा रस पिते आणि दुसऱ्या झाडावर बसली की रोग तिकडे नेते. याला औषध नाही.

गुरुजींनी ते झाड उपटायला सांगितलं. त्याला हिरव्या टमाट्यांचे दोन घोस होते, म्हणून बऱ्याच मुलांना वाईट वाटलं. एक मुलगी म्हणाली, "टमाटे पिकेपर्यंत तरी राहू द्या." गुरुजींनी कुंपणापलीकडे बोट दाखवलं. तिथे टमाट्याचा प्लॉट आहे. ते म्हणाले, "आपले दोन घोस आणि त्यांचं वर्षाचं पीक." मग त्या मुलीनेच झाड उपटलं. आम्ही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवलं आणि नंतर पुरलं.

विषाणूचा रोग किती नुकसान करतो ते २०२० साली दिसलं. त्या उन्हाळ्यात पुणे आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत टमाटे नीट पिकेनात, त्यांवर पिवळे डाग आले. लोक त्याला 'तिरंगा' म्हणू लागले. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने तपासलं तेव्हा त्यात कुकुंबर मोझॅक नावाचा विषाणू सापडला. तो मावा किडीमुळे पसरतो. झाडाचा हा रोग माणसाला होत नाही.

आणखी खुणा ओळखा

१. खालच्या पानाच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा : मॅग्नेशियम कमी. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट फवारावे.

२. शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या : लोह कमी. लोह जुन्या पानातून नव्या पानात जात नाही. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, त्यामुळे मातीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाही. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घालून फवारावे.

३. पिवळ्या पानावर गोल गोल कड्यांचे तपकिरी डाग : करपा. ती पानं तोडून लांब टाकावी. पाणी पानांवर नाही, बुडाशी घालावे.

४. अगदी खालची एक-दोन पानं पिवळी, बाकी झाड चांगलं : ती म्हातारी पानं आहेत. काळजी नको.

फवारणी मोठ्या माणसांकडूनच करून घ्यावी.

करून पाहा

पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल तेल लावून झाडाजवळ टांगा. पांढऱ्या माशीला पिवळा रंग आवडतो. ती येऊन चिकटते. रोज मोजून वहीत लिहा. माश्या जास्त दिसल्या तर ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर १ लिटर पाण्यात भिजवून, फडक्याने गाळून संध्याकाळी फवारावी.

लक्षात ठेवा

पूर्ण पिवळं झालेलं पान सहसा परत हिरवं होत नाही. म्हणून उपाय लागू पडला का ते नव्या पानावर बघायचं. पिवळं पान दिसलं की आधी तीन प्रश्न विचारा. जुनं पान की नवं? शिरा हिरव्या की पिवळ्या? दोन पेरं खाली माती ओली की कोरडी? उत्तर मिळाल्यावरच तांब्या किंवा खत हातात घ्या.

आता आमची ५ झाडं आहेत. मधल्या सुट्टीत येऊन बघा, पण पानं तोडू नका.