वणवा दाराशी येण्यापूर्वी

माघ सरता सरता सह्याद्रीच्या उतारावरील गवत वाळून पिवळे पडते. पानगळीने रानाचा तळ पाचोळ्याने भरून जातो, दुपारचे वारे सुटू लागतात आणि रात्री डोंगरावर वणव्याच्या तांबड्या रेषा दिसू लागतात. दुरून शोभिवंत वाटणाऱ्या या रेषेच्या वाटेत कोठे वाडी असते, कोठे काजू-आंब्याची बाग, तर कोठे वर्षभराच्या वैरणीची गंजी. फेब्रुवारीच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंतचा हा काळ रानालगतच्या प्रत्येक कुटुंबाने सावधपणे घालवावयाचा असतो.

आपल्याकडील बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. राब भाजताना उडालेली ठिणगी, मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखाली पेटविलेला पाचोळा, निष्काळजीपणे फेकलेली विडी ही त्यांची नेहमीची कारणे होत. रान जाळल्याने पुढील वर्षी गवत जोमाने येते, असाही एक समज आहे. वस्तुतः वारंवार लागणाऱ्या आगीमुळे कोवळी रोपे मरतात, जमीन उघडी पडते आणि पहिल्याच पावसात माती वाहून जाते.

आगीची चाल

वणवा चढावर वेगाने धावतो, कारण वर जाणारी उष्ण हवा पुढचे गवत आधीच तापवून ठेवते. उतार दहा अंशांनी तीव्र झाला की आगीचा वेग सुमारे दुप्पट होतो, असे ढोबळ गणित आहे. ११ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात पदभ्रमणास गेलेले लोक वणव्यात सापडले आणि वीसहून अधिक जण प्राणास मुकले. वाळलेल्या गवताच्या उतारावर आग किती घातक ठरते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

घराला मात्र नेहमीच ज्वाळा भिडतात असे नाही. वाऱ्यावर उडालेले निखारे वळचणीच्या पाचोळ्यात, सरपणाच्या राशीत किंवा गवती छपरावर पडतात आणि वणवा अजून दूर असतानाच घर पेटते. म्हणूनच घराचे रक्षण आग लागण्याच्या कितीतरी आधी, केरसुणी आणि विळा हाती घेऊन करावयाचे असते.

घराभोवतीचा पट्टा

घर व गोठा यांच्या भोवती निदान तीस फूट रुंदीची जागा गवत कापून, पाचोळा झाडून मोकळी ठेवावी. घर चढावर असल्यास उताराच्या बाजूचा पट्टा अधिक रुंद असावा. भिंतीलगतची पाच फूट जागा तर संपूर्ण निर्मळ हवी. सरपण, गोवऱ्या व पेंढ्याची गंजी घरापासून दूर रचावी आणि गंजीभोवतीही जमीन खरवडून घ्यावी. कौलांच्या पन्हळीत अडकलेली पाने दर आठवड्यास काढावीत. छपरावर टेकलेल्या फांद्या छाटाव्यात. बागेच्या कडेनेही अशीच जाळरेषा काढावी.

राब भाजावयाचा झाल्यास वारा पडलेला असताना, भोवतीची जागा साफ करून व पाणी जवळ ठेवूनच भाजावा. राख थंड होईपर्यंत तेथून हलू नये.

कुटुंबाची तयारी

वृद्धांना कोणी न्यावयाचे, मुलांना कोणी सांभाळावयाचे, गुरे कोणी सोडावयाची, हे घरातील सर्वांनी आधीच ठरवावे. दाव्याला बांधलेले जनावर स्वतःचा जीव वाचवू शकत नाही, म्हणून गोठ्यात हाताशी येईल असा विळा टांगून ठेवावा. शिधापत्रिका, जमिनीचे कागद व औषधे एकाच पिशवीत असावीत. एकत्र जमण्याचे ठिकाण नांगरलेले शेत किंवा नदीचे पात्र असावे. डोंगरमाथा कधीही निवडू नये. पाण्याची पिंपे, गोणपाट व शिडी अंगणात तयार असावी.

आग जवळ आल्यास

धूर दिसताच शेजाऱ्यांना जागे करावे व वर्दी द्यावी. वन विभागासाठी १९२६ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक लहानथोरांस पाठ असावेत. गॅस व वीज बंद करून दारे-खिडक्या लावाव्यात. अंगभर सुती कपडे घालावेत. चढावर पळू नये. आगीच्या वाटेतून बाजूला व्हावे किंवा जळून थंड झालेल्या जागेवर जावे. गवताची लहान आग ओल्या डहाळ्यांनी व भिजविलेल्या गोणपाटाने झोडपून विझविता येते. ज्वाळा माणसाच्या उंचीच्या होऊ लागल्या की मात्र माघार घेणेच शहाणपणाचे. आग विझल्यावरही ओंडक्यांत निखारे धुमसत राहतात, म्हणून रात्रभर पहारा ठेवावा.

भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये राखीव वनास आग लावणे गुन्हा आहे. वनात चराईचा किंवा वनोपजाचा हक्क असणाऱ्यांनी आगीची वर्दी देणे व ती विझविण्यास साह्य करणेही त्याच अधिनियमाने बंधनकारक केले आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साह्याने वणव्यांचा माग घेत आहे. तथापि उपग्रहाला आग दिसते ती लागल्यानंतर. अंगणातील पाचोळा घरच्यांनाच आधी दिसतो. होळीची लाकडे गोळा करण्यापूर्वी वाडीतील सर्वांनी मिळून एक दिवस जाळरेषेसाठी दिला, तर त्या वर्षीचा वणवा वाडीच्या वेशीवरच अडविता येईल.