उत्तर लॉक करण्याआधी

चि. मुक्ता,


‘कोण होणार करोडपती’ पाहता पाहता गावांची नि घराण्यांची नावं कशी पडली ते तू वहीत टिपतेस, हे दादाने सांगितलं. वहीचे फोटोही पाहिले. अशा कार्यक्रमांना नाकं मुरडणाऱ्यांतली मी नव्हे. या कार्यक्रमांमुळे जेवणाच्या ताटावर घरोघरी असले वाद रंगतात. फक्त एक ध्यानात ठेव. तिथे घड्याळ चालू असतं आणि चार पर्यायांतला एकच बरोबर धरावा लागतो.

‘बॉम्बे’पुढे तू पोर्तुगीज ‘बों बाईया’, म्हणजे चांगला उपसागर, असं लिहिलंयस. पण पोर्तुगीजमध्ये ‘बाईया’ स्त्रीलिंगी. तिच्याआधी ‘बोआ’ यायला हवं. स्वतःच्याच भाषेत बंदराचं नाव ठेवताना ते लोक लिंग चुकतील होय? मुंबादेवीचं नाव त्यांनी ऐकलं आणि आपल्या जिभेला जमेल तसं उच्चारलं, हेच मला पटतं.

बहमनींची गोष्ट आणखी मजेची. हसन हा दिल्लीच्या गंगू ब्राह्मणाचा चाकर, धन्याच्या उपकारांची आठवण म्हणून त्याने घराण्याला ‘बहमनी’ नाव दिलं, ही कथा इतिहासकार फरिश्ता सांगतो. हसन गादीवर बसला 1347 साली. फरिश्ताने लिहिलं त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी. हसनच्या काळातच त्याचं नाव बहमनशाह असं आढळतं आणि घराणं आपलं मूळ इराणच्या प्राचीन बहमन राजापर्यंत नेत असे. नावामागे उपकार, भविष्यवाणी किंवा हजरजबाबी राजा आला, की मी आधी विचारते: हे पहिल्यांदा कोणी लिहिलं, आणि कधी?

माणसाचं नाव दिसतं तिथेही जपून. एल्फिन्स्टन कॉलेज गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या नावाचं. एल्फिन्स्टन रोड स्टेशन मात्र त्याच्यानंतर गव्हर्नर झालेल्या लॉर्ड एल्फिन्स्टनच्या. ते स्टेशन 2018 पासून प्रभादेवी झालं, म्हणजे हा गोंधळही आता आपोआप मिटेल.

आमच्या चर्नी रोडला गुरं चरत म्हणून ते नाव, असं सगळे सांगतात. ठाण्याच्या चेंदणीतून गिरगावात येऊन राहिलेल्या लोकांवरून ते पडलं, असंही एक मत आहे. सॅम्युअल शेपर्डचं मुंबईतल्या जागांच्या नावांवरचं 1917 चं पुस्तक माझ्याकडे आहे. इंग्रजी जुन्या वळणाचं, पण नावं अक्षरांच्या क्रमाने लावलेली असल्याने तुला जड जाणार नाही. दिवाळीत आलीस की घेऊन जा. तोवर वहीत चर्नी रोडपुढे दोन्ही कारणं लिही. आणि गंगूची गोष्ट खोडू नकोस. तिच्यापुढे फक्त ‘फरिश्ता’ असं लिही.

तुझी,
आत्या